घरच्यासारखं, म्हणजे कुणाच्या घरच्यासारखं?

दिवाळीनंतरचा कापसाचा दुसरा वेचा होता. ऊन उतरलेलं, धुऱ्यावरच्या बाभळीला ताणकाटा टांगलेला, आणि बाया एकेक करून आपलं गाठोडं काट्याला लावत होत्या. मी खाली सतरंजीवर वही घेऊन बसले होते. एकीचं गाठोडं लागलं, काटा साडे एकोणचाळीसला थरथरत थांबला. मी सवयीनं 39 लिहिलं.

"ताई, वरचं?" तिनं विचारलं.

"अगं, अर्ध्या किलोचं काय घेऊन बसलीस? तू तर घरच्यासारखी."

गाठोड्याची गाठ सोडता सोडता ती म्हणाली, "घरच्यासारखं नोका म्हणू ताई. घरी तं मी फुकटच राबतो."

सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि वहीत साडे एकोणचाळीस झालं. किलोला दहा रुपये दर, म्हणजे अर्ध्या किलोचे पाच रुपये. पण ते पाच रुपये बरेच दिवस माझ्या डोक्यातून गेले नाहीत, कारण 'घरच्यासारखी' हा शब्द मी आयुष्यभर स्वतःच्या चांगुलपणाच्या खात्यात जमा करत आले होते. आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. ती आणि मी एकाच वयाच्या. मी तिला अगं-तुगं करते, ती मला अहो-जाहो.

शहरातल्या कंपन्यांमध्ये हल्ली समता, समावेश, आपलेपणा यांवर कार्यशाळा होतात म्हणे. माझी भाची पुण्याला नोकरी करते, ती सांगत असते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात कुणी असा फलक लावला तर लोक म्हणतील, यात नवीन काय? आमच्याकडे आपलेपणा काय कमी आहे? आणि ते खरंच आहे, आपलेपणा इथं मुबलक आहे. गडी घरचा, बाई घरची, शिपाई घरचा. तुटवडा आहे तो हिशेबाचा. माझं म्हणणं एवढंच, की कामाच्या जागी हिशेबाच्या आधी आपलेपणा आला की त्याचे पैसे मजुराच्या ओटीतून जातात.

मुळात हे घर कसं असतं ते तरी बघा. माणसं आधी जेवतात, मग पोरं, मग सासू, आणि चुलीपाशी बसलेली सून सगळ्यात शेवटी, गंजात उरलेल्या वरणावर. सातबारा कुणाच्या नावावर, बैल विकायचा कुणाला विचारून, पोरीचं लग्न कुठं करायचं, हे आपल्या घरात कोण ठरवतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग मालक म्हणतो की मी मजुराला घरच्यासारखं वागवतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो त्याला घरच्या सुनेसारखंच वागवत असतो.

सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं बघा. पाडव्याला साल ठरतं. ठरतं म्हणजे मालक आकडा सांगतो आणि गडी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरतो. पोळ्याला बैलांबरोबर त्याचाही मान होतो, नवे कपडे मिळतात, पाटावर बसवून पुरणपोळी वाढतात. उरलेल्या दिवसांत त्याचं ताट वेगळं, बसायची जागा ओसरीच्या खाली. रात्री-बेरात्री त्याला साप चावला तर मालकच गाडी काढून दवाखान्यात नेतो आणि पहाटेपर्यंत बाकावर बसून राहतो, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ती माया खोटी नसते. पण त्या दवाखान्याचा खर्च पुढच्या पाडव्याला उचलीत धरला जातो, आणि त्या वर्षी साल वाढवून मागायची गड्याची छाती होत नाही. ज्यानं जीव वाचवला त्याच्याशी भाव कसा करायचा?

शेती अंगावर पडायच्या आधी मी सात हंगाम तालुक्याच्या गावातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, हजेरी आणि पगाराच्या वह्या लिहीत होते. मालक मनानं चांगला. दिवाळीला सगळ्यांना मिठाईचा पुडा, आणि दरवर्षी तेच भाषण, आपण सगळे एक परिवार. बाया कापसाच्या ढिगावर, गंजीवर बसून कापूस निवडायच्या. त्यातली सुतळी, पन्नीचे तुकडे, पालापाचोळा, केस. दिवसभर हवेत रुई उडायची, संध्याकाळी भुवया पांढऱ्या. कुणाची तान्ही पोरं गंजीच्या आडोशाला लुगड्यावर निजवलेली असत. 1948 च्या कारखाना कायद्यात लिहिलं होतं की 30 पेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथं पाळणाघर हवं. माझ्या हजेरीपुस्तकात बायांची संख्या सातही हंगाम 28 किंवा 29 राहिली. बाकीच्या ठेकेदाराच्या वहीत असायच्या. मीच लिहायची ती पुस्तकं, तेव्हा यात माझा हात नव्हता असं म्हणायला मला जागा नाही. बायांसाठी तिथं संडासही नव्हता. मी रस्त्यापलीकडच्या एका घरी जायची, कारण मी ऑफिसातली होते. गंजीवरच्या बाया कुठं जायच्या हे मी सात वर्षांत एकदाही विचारलं नाही.

पाण्याच्या टाकीला साखळीनं बांधलेला स्टीलचा पेला होता. कुणालाही मनाई नव्हती. तरी एका विशिष्ट मोहल्ल्यातल्या चार-पाच जणी घरून बाटल्या भरून आणायच्या, भर मार्चच्या उन्हातही तेच कोमट पाणी प्यायच्या. एकीला मी विचारलं, टाकीचं पाणी आवडत नाही का? ती म्हणाली, "आवडते ना. पण आमी पेलो का मंग पेला धुतेत. कायले पेव?"

संविधानाच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यता 1950 सालीच बंद केली. पेला धुणाऱ्या बाईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मी तर सगळ्यांच्याच नंतर धुते. तक्रार करावी तर कुणाची आणि कशाची? कुणी काही बोललेलं नाही, कुणी अडवलेलं नाही. बाटली मात्र रोज घरून येते. कामाच्या जागी माणूस परका आहे की नाही हे कळायला मला याहून चांगलं मोजमाप ठाऊक नाही.

कापसाच्या धंद्याला ही पेल्याची गोष्ट नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात पगार जास्त होता, आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला की, मालकापुढं ठेवायच्या मागण्यांत ही मागणी का नाही? कामगार सगळे एक, ही घोषणा तेव्हाही होतीच.

आणि आपल्या नागपूरची गोष्ट तर जास्त जवळची आहे. 1937 साली तिथं अखिल भारतीय महिला परिषद भरली. देशभरातल्या शिकलेल्या, पुढारलेल्या स्त्रिया जमल्या होत्या, विषय स्त्रियांच्या हक्कांचा. तिथं जाईबाई चौधरींना जेवणाच्या वेळी वेगळं बसवलं गेलं. एके काळी हमाली केलेल्या आणि पुढं नागपुरात मुलींची शाळा चालवणाऱ्या या बाई. व्यासपीठावर समता होती, पंगतीत नव्हती. पुढं 1942 च्या जुलैमध्ये त्याच नागपुरात दलित महिलांची स्वतंत्र परिषद झाली, अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे. वेगळी चूल का मांडली, असं काही लोक आजही विचारतात. पहिल्या चुलीवर जेवायला कसं वाढलं होतं, ते मात्र विचारत नाहीत.

आता मजुरीचं. समान कामाला समान वेतन, असा कायदा 1976 सालीच झाला. आमच्या शिवारात यंदा सोयाबीन सोंगणीला माणसाचा रोज आणि बाईचा रोज यांत दीडशे रुपयांचा फरक होता. विचारलं की उत्तर ठरलेलं, माणूस जड काम करतो. गठ्ठे वाहतो, हे खरं. पण वाकून सोंगणं हे हलकं काम आहे असं ज्याला वाटतं त्यानं एक तास ते करून बघावं, दुसऱ्या तासाला माझ्याशी बोलायला यावं. आणि कापूस वेचणीत बायाच भारी पडतात, माणसाच्या हाताला ती चपळाई नसते. मग तिथं रोज का नाही, किलोचा भाव का? कारण रोजानं द्यायचं ठरलं तर उघड उघड माणसापेक्षा बाईला जास्त द्यावा लागेल. हे कुणी ठरवून केलेलं कारस्थान आहे असं मी म्हणत नाही, पण रीत नेहमी एकाच बाजूला झुकते यात योगायोग किती मानायचा?

किलोच्या भावात सगळ्या सारख्या, असं वरवर दिसतं. काट्याला ना जात कळते ना वय, त्यामुळे मलाही वाटायचं की याहून न्यायाचं काही नाही. मग वेचणाऱ्या बायांच्या टोळीकडं नीट पाहिलं. एक पोटुशी, सातवा महिना. एकीच्या काखेला पोर. एक सत्तरीची म्हातारी, जिच्या हाताला कंप. आणि दोन तरण्याताठ्या, ज्या दिवसाला पन्नास किलोला हात लावतात. सगळ्यांना दहा रुपये किलो. समान आहे, यात वाद नाही. समन्यायी आहे का? तास तेवढेच, ऊन तेवढंच, बोंडाचे काटे तेवढेच, आणि संध्याकाळी म्हाताऱ्या बाईच्या हातात तरुण बाईच्या तिसरा हिस्सा. सारखेपणा आणि न्याय यांत काय फरक आहे हे समजून घ्यायला मला कार्यशाळेत जावं लागलं नाही, वहीतले आकडे पुरले.

सरकारनं तरी काही वेगळं केलंय का? आशाताई, अंगणवाडीताई. नावातच ताई. गावात बाळंतपण अडलं की रात्री दोन वाजता दार आशाताईचं वाजतं. कोरोनात घरोघर तीच फिरली. पण तिला मिळतो तो पगार नाही, मोबदला. अंगणवाडी सेविकेला मिळतं ते मानधन. मान आणि धन असे दोन शब्द एकत्र आले की धन कमी पडणार हे ओळखावं. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे 2022 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. कुटुंबात मोठ्या बहिणीला जसं 'तू समजूतदार आहेस' म्हणून गप्प करतात, तसं सरकारनं या लाखो बायांना ताई म्हणून गप्प केलंय.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आपल्याकडं शहरातल्या ऑफिसांचा कायदा म्हणून ओळखला जातो. त्याचं मूळ मात्र गावात आहे. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथीन', म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या. बालविवाह रोखायला गेल्या, म्हणून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामाचं ठिकाण म्हणजे गावच, टेबल-खुर्ची कुठली? त्यातून सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा विशाखा निकाल आला आणि सोळा वर्षांनी कायदा. त्या कायद्यात शेतमजूर बाई बसते, घरकाम करणारी बसते, दहापेक्षा कमी माणसं असलेलं दुकान बसतं. त्यांच्यासाठी जिल्ह्याला स्थानिक समिती, आणि तक्रार घेऊन ती सात दिवसांत समितीकडं पाठवायला तालुक्याला नोडल अधिकारी. आमच्या गावातल्या सतरा बायांना मी विचारलं, एकीनंही हे ऐकलेलं नव्हतं. एक जण म्हणाली, "मुकादमाची तक्रार करून उद्या कोणाच्या वावरात जाऊ?" समितीचा पत्ता भिंतीवर लावला तरी या प्रश्नाचं उत्तर त्या भिंतीवर नसेल. ज्या कामावर उद्या बोलावतील की नाही हे एका माणसाच्या मर्जीवर आहे, तिथं हक्क कागदावर असून भागत नाही.

आता माझ्यासारख्या शेतकऱ्यांचं म्हणणं. ते मी टाळणार नाही, कारण ते माझंही आहे. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. त्यातले हजार रुपये नुसत्या वेचणीचे. बियाणं, खत, फवारणी, निंदण, डवरणी वेगळी. खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत, मग व्यापारी म्हणेल तो भाव. जो स्वतः रोज कापला जातो त्यानं दुसऱ्याला किती द्यायचं? हा प्रश्न खरा आहे, आणि शेतीमालाला नीट भाव मिळाल्याशिवाय मजुरीचा प्रश्न पुरता सुटणार नाही हेही खरं. पण एक सांगते. खरेदी केंद्रावर माझ्या गाडीतून किलो-दोन किलो कापले की मला जो संताप येतो, तोच अर्धा किलो मी धुऱ्यावर कापत होते. वरून आलेली कट्टी खाली सरकवायची सवय आपल्या हाडात आहे.

आणि सगळंच पैशाचं नसतं. 2017 साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, औषध जहाल, आणि पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या तोंडाला फार तर दुपट्टा. मास्क आणि हातमोज्यांची किंमत औषधाच्या एका डब्यापेक्षा कमी असते. तो डबा आपण उधारीवर का होईना आणतो, मास्क आणत नाही. हा पैशाचा हिशेब नव्हेच. कुणाच्या फुप्फुसाची किंमत आपण धरतो, त्याचा हिशेब आहे.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव सर्वसहमतीनं निर्णय घेण्यासाठी ओळखलं जातं. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसायचं. बांबू विकायचा हक्क 2011 साली ज्या गावानं मिळवून दाखवला ते हे गाव. ही पद्धत फार संथ आहे, शेताच्या हंगामात ती जशीच्या तशी चालणार नाही, हे मला कळतं. पाऊस सहमतीची वाट बघत नाही. तरी त्यातला एक तुकडा उचलता येतो असं मला वाटलं, की दर आणि नियम ठरवायच्या आधी ज्यांच्यावर तो लागू होणार त्यांना विचारायचं.

म्हणून यंदा तिसऱ्या वेच्याच्या आदल्या दिवशी मी टोळीला ओसरीवर बोलावलं. ओसरीच्या खाली नव्हे, ओसरीवर. दोघी तरी पायरीवरच बसल्या, कितीही म्हटलं तरी वर आल्या नाहीत. दर ठरला बारा रुपये. मी अकरावर अडले होते, त्या तेरावर. काटा सगळ्यांना दिसेल असा टांगायचा, आणि प्रत्येकीची चिठ्ठी तिच्या हातात. मग म्हाताऱ्या बाईचं निघालं. मला वाटलं होतं मीच काही तरी सुचवून मोठेपणा घेईन. पण जिनं मला 'घरच्यासारखं' म्हणू नका सांगितलं होतं, तीच बोलली. "रोजगार हमीच्या कामावर पाच पोरं असली का एक बाई पोरं सांभाळाले ठेवतेत, तिले रोज देतेत. इथंबी तसंच करा." रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात हे खरंच लिहिलेलं होतं, सहा वर्षांखालची पाच लेकरं असली की एक बाई. मला ते ठाऊकही नव्हतं. टोळीत त्या आठवड्यात लेकरं चारच होती. एक कमी आहे, असं म्हणायचा मोह मला झाला होता. हजेरीपुस्तकातले 29 आठवले आणि मी गप्प बसले.

आता म्हातारी बाई बाभळीखाली लेकरं घेऊन बसते, माठ भरते, दुपारी पाणी घेऊन तासातासानं फिरते. पेला एकच आहे. दोघी अजून आपली बाटली आणतात, मी काही बोलत नाही.

वहीत तिचं नाव पूर्ण लिहिलंय, वडिलांच्या नाही की नवऱ्याच्या नाही, तिच्या नावानं सुरू होणारं. त्यापुढं रोज, पूर्ण. परवा दीर वही चाळत होते. बोट त्या ओळीवर थांबलं. "हिनं कापूस किती वेचला?" त्यांनी विचारलं. किलोचा रकाना रिकामा होता. त्यांनी खिशातून पेन काढून तिथं शून्य लिहायला घेतलं. मी वही त्यांच्या हातातून घेतली आणि आत ठेवून आले.